शंभर मात्रांची कुपी

आमच्या मोहल्ल्यात कोंबडी कोणाची ते तिच्या पायावरून ओळखायचे. एका घराची लाल चिंधी, एकाची निळी, आमच्या कोंबड्यांच्या पायात माझ्या जुन्या दुपट्ट्याची पिवळी किनार. चिंधीचा उपयोग रात्रीच्या मोजणीपुरता. सकाळी खुराड्याची फळी सरकवली की कोंबडी साऱ्या गावाची होते. मागच्या चाचींच्या अळूच्या वाफ्यात ती उकरते, मशिदीच्या विहिरीपाशी सांडलेले पाणी पिते, दुपारी पऱ्या ओलांडून कुणबीवाडीत एखाद्या गोठ्याच्या सावलीला जाऊन बसते. तिकडच्या कोंबड्या तेवढ्या वेळात आमच्या पडवीत घाण करून जातात.

यावरून कुरबुरी होतात. वाळत घातलेल्या भातात कोणाचा तरी कोंबडा शिरतो आणि "तुमचा कोंबडा बांधून ठेवा" हे वाक्य वर्षातून दोनदा तरी ऐकावे लागते. अंड्यांचाही प्रश्न असतो. आमची एक कोंबडी तीन आठवडे चाचींच्या लाकडांच्या खोपीत अंडी घालत होती आणि आम्ही मात्र ती बसली म्हणून तिला नावे ठेवत होतो. अशा वेळी सासूबाईंचा नियम ठरलेला आहे. ज्याच्या घरात अंडी सापडली त्याने ती मालकिणीला दाखवायची आणि मालकिणीने निम्मी तिथेच ठेवून यायची. चाची बारा अंडी पदरात घेऊन आल्या, सहा परत घेऊन गेल्या. त्यांतली तीन नासकी निघाली आणि तीही नेमकी आमच्या वाट्याची. पण नियम तो नियम.

दापोली तालुक्यातले आमचे गाव लहान आहे. मोहल्ल्यात तीसेक घरे, पऱ्यापलीकडे वाडीत वीस-बावीस. निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला नाहीतर आखातात. मागे राहिलेल्या बायकांच्या हातात जो पैसा हिशेब न देता खर्च करता येतो, तो बहुतेक कोंबडीचा. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठच अंडी देते. बारा-पंधरा घातली की खुडूक होते, घरभर गुरगुरत फिरते. मग तिच्याखाली दहा-बारा ताजी अंडी ठेवायची आणि २१ दिवस मोजायचे. सातव्या-आठव्या रात्री अंडे टॉर्चच्या उजेडावर धरले की आत लाल शिरांचे जाळे दिसते. ज्यात दिसत नाही ते काढून टाकायचे. माझ्या वर्गातल्या चौथीच्या मुलींना हे माझ्यापेक्षा चांगले येते. पिल्ले निघाली की घार, मुंगूस आणि मांजर आपापला वाटा घेतात. जी वाचतात त्यांतले कोंबडे मे महिन्यात मुंबईकर आले की पाच-सहाशे रुपयांना जातात. त्या पैशातून शाळेची दप्तरे येतात, चष्मा येतो, कोणाचे देणे फिटते.

हे सगळे मला लहानपणापासून माहीत होते, म्हणूनच गेल्या वर्षी जे झाले त्याची शरम जास्त वाटते.

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे मोटारसायकलवर जाळीचा पिंजरा बांधून कोंबड्या विकणारे येतात. एकाकडून मी पाच तलंगा घेतल्या. गिरिराज आहेत म्हणाला. ही जात बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली. वजनाला भारी, अंडी गावठीच्या दुपटीहून जास्त, फक्त अंड्यांवर बसत नाही. मी भावाची घासाघीस केली, प्रत्येकीला हातात घेऊन वजन पाहिले, चोच पाहिली. लस टोचली आहे का, एवढेच विचारले नाही. तो खरे बोलला असता की नाही हा पुढचा भाग. मी विचारले नाही. संध्याकाळी पाचही जणी आमच्या बारा जणींबरोबर एकाच खुराड्यात.

पाचव्या दिवशी त्यांतली एक पिसे फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी होती. मी म्हटले, ऊन बाधले असेल. पाणी बदलले आणि कामाला लागले.

सहाव्या दिवशी पऱ्यापलीकडून निरोप आला की मावशींची लेक बाळंत झाली, मुलगी झाली. या मावशी म्हणजे आमच्या घराशी दोन पिढ्यांचा घरोबा. सासूबाईंचा पाय मोडला तेव्हा महिनाभर आमची भाकरी त्यांनी थापली आहे. मी मुलाच्या हाती एक चांगली काळी कोंबडी दिली, बाळंतिणीला रस्सा करून द्या म्हणून सांगितले. मन अगदी भरून आले होते. रश्शात पाणी थोडे वाढवावे पण शेजाऱ्याला विसरू नये, हे मी दर वर्षी वर्गात शिकवते, आणि या वेळी तर आख्खी कोंबडी पाठवली होती. बाळंतिणीला इतक्यात कोंबडी नको म्हणून मावशींनी ती रात्रभर डालग्याखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी अंड्यावरची वाटली म्हणून कापायचा बेत रद्द करून आपल्या कोंबड्यांत सोडली.

आठव्या दिवशी आमच्या दोन मेल्या. मग रोज. चोच उघडी टाकून श्वास घेत होत्या, खाली हिरवट-पांढरी हगवण, पाय लुळे. एक तर मान पिळून आभाळाकडे बघत जागच्या जागी गोल फिरत होती. सासूबाईंनी एकदाच पाहिले आणि म्हणाल्या, "मानमोडी." दवाखान्याच्या भाषेत राणीखेत. बाराव्या दिवसापर्यंत १६ पैकी तीन उरल्या.

त्या चार दिवसांत आम्ही काय काय केले ते लिहायला हवे, कारण तुमच्यापैकी बऱ्याच घरांत हेच होत असेल. पहिले म्हणजे, "मरायच्या आधी सुरी फिरवून घ्या." मुर्दार होऊन वाया जाण्यापेक्षा हलाल करून पातेल्यात गेलेली बरी, असा तो हिशेब. आम्हीही तिघी कापल्या. रीतीने कापल्या खऱ्या, पण त्यांची पिसे आणि आतडी गेली उकिरड्यावर. तिथून कावळ्यांनी ओढली, कुत्र्यांनी मोहल्ल्याच्या दुसऱ्या टोकाला नेली. रोग तर त्यातच होता. ज्या मेल्या त्या पऱ्यात टाकल्या, वर्षानुवर्षे सगळे टाकतात तशाच. मे महिन्यात पऱ्यात डबकी तेवढी उरतात आणि दोन्ही काठांच्या कोंबड्या त्याच डबक्यांवर पाणी पितात. शिवाय खुराडे झाडून त्याच चपलांनी मी चाचींकडे दही मागायला गेले होते. चाचींच्या अकरा कोंबड्यांतली एक राहिली.

पुढच्या आठवड्यात वाडीतून बातमी आली. मावशींच्या २२ कोंबड्या गेल्या. त्यांतल्या चार कोंबड्यांसाठी दोन मुंबईकरांकडून त्यांनी इसार घेतला होता आणि तो लेकीच्या बाळंतपणात खर्चही झाला होता.

गावात सगळे म्हणत होते, साथ आली, हवेतून आली. मीही मान हलवत होते. एके रात्री जेवताना मुलगा सहज म्हणाला, "अम्मी, त्यांच्याकडे आपण दिलेली काळी सगळ्यात आधी मेली ना?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले, बोलल्या काही नाहीत. मी त्याला "पाणी घे" म्हटले.

त्यानंतर नऊ दिवस मी गप्प होते. हवेवर ढकलले की कोणाशी वाकडे येत नाही, आणि मी तर बाई, गावाला शिकवणारी. शेवटी शाळा उघडायच्या आदल्या दिवशी गेले. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी म्हटले, "मावशी, ती काळी कोंबडी दिली तेव्हा आमच्याकडे एक झोपाळलेली होती. मी पाहिली होती."

त्या बराच वेळ सुपातच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग पोराच्या हाती दिलीत कशी, बाई?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी २२ कोंबड्यांचे पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. इसाराचे बाराशे रुपये मात्र घेतले, कारण ते दुसऱ्यांचे होते. त्या पावसाळ्यात त्यांच्याकडून ना फणस आला, ना अळंबी. नातीचे बारसे झाले, आम्हाला निरोप नव्हता. सासूबाई रोज संध्याकाळी पऱ्याच्या बाजूला बघत बसायच्या आणि मला काही बोलायच्या नाहीत, हे जास्त लागायचे.

मी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले ते आधी स्वतःचा राग काढायला म्हणून. तिथे जे कळले त्याने राग माझ्यावरच उलटला. या रोगावर औषध नाही. लसूण, हळद, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या यांनी काही होत नाही. लस आहे, आणि ती महागही नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या डोळ्यात किंवा नाकात एक थेंब टाकतात. पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास दुसरी, पंखाखाली टोचायची. एवढी साधी गोष्ट आमच्या गावात आजवर कोणी का केली नव्हती? कारण लसीच्या लहानातल्या लहान कुपीत शंभर मात्रा असतात. ती बर्फात ठेवावी लागते आणि पाण्यात कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते, उरलेली फेकायची. आमच्या गावात ज्याच्याकडे सगळ्यात जास्त कोंबड्या त्याच्याकडे पंचवीस. दहा-बारा कोंबड्यांसाठी शंभराची कुपी फोडायला कोणाचा हात होणार? मोठ्या पोल्ट्रीवाल्याला ती कमी पडते, आणि आमच्या कोणत्याही एका घराला ती कायम जास्तच होणार.

म्हणून मी जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानावर यादी सुरू केली. घर, चिंधीचा रंग, मोठ्या किती, पिल्ले किती. घाई करून उपयोग नव्हता. खुराडी रिकामी होती आणि ती तशीच ठेवायची होती. खरवडून काढली, आतला पेंढा-कोंडा जाळला, चुना फासला, पाऊस उघडल्यावर ऊन दाखवले. दिवाळीच्या सुमारास घरोघर पुन्हा खुडूक कोंबड्या बसल्या. जिच्याकडे कोंबडीच नव्हती तिला कोणी अर्धलीने दिली. म्हणजे कोंबडी एकीची, सांभाळायची दुसरीने, पिल्ले निम्मी-निम्मी. जानेवारीत यादी मोजली तर टोचायच्या वयाच्या कोंबड्या मोहल्ल्यात ५८.

ही यादी करताना काय काय ऐकावे लागले! "इंजेक्शनने अंडी बंद होतात." (काही दिवस कमी होतात, खोटे नाही.) "टोचलेली कोंबडी खायची कशी?" (तीन आठवडे थांबायचे.) "मागच्या वर्षी आमची एकही मेली नाही, आम्हाला कशाला?" या शेवटच्या प्रश्नावर मी एकदा चिडून उत्तर दिले आणि ते घर यादीतून गेले ते गेलेच. वर्गात असे करत नाही मी.

५८. कुपी शंभराची. वाडीशिवाय ती भरत नव्हती. नुसती भरायचा प्रश्न नव्हता. मोहल्ल्याने टोचून घेतले आणि वाडीने नाही घेतले, तर पऱ्याच्या त्या काठी रोग राहणारच, आणि आमची नवी पिल्ले त्याच डबक्यांवर पाणी प्यायला जाणार. आणि वाडीत बायकांना एकत्र करायचे म्हणजे मावशींच्या ओट्यावरूनच जावे लागते, दुसरी वाट नाही.

मी दुसऱ्यांदा गेले. या वेळी यादी घेऊन. मावशींनी कागद हातात घेतला, त्यांना वाचता येत नाही, तरी बोट फिरवत खालपर्यंत पाहिला. "यात आमची घरं कुठं आहेत?" मी म्हटले, "ती तुम्ही सांगाल तशी लिहायची." त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. चौदा घरे, ४१ कोंबड्या. स्वतःच्या सहा त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितल्या. चहा झाला नाही.

लस ठरली एका रविवारी, फजरनंतर लगेच, कोंबड्या खुराड्यात असतानाच. एकदा सुटल्या की पकडणे हा दिवसभराचा खेळ. कुपी आदल्या दिवशी तालुक्याहून बर्फाच्या थर्मासमध्ये आणली. रात्री ती मासळीवाल्या भाभींच्या पेटीत ठेवली, बर्फ पुरवायला त्यांच्याइतके भरवशाचे गावात कोणी नाही. टोचायला शेजारच्या गावची पशुसखी आली. पशुसखी म्हणजे बचत गटातलीच बाई, शेळ्या-कोंबड्यांच्या साध्या देखभालीचे आणि लसीकरणाचे शिक्षण घेतलेली. तिने कुपी कालवली आणि घड्याळ माझ्याकडे दिले. एकीने पंख धरायचे, एकीने पाय, तिने टोचायचे, मी यादीवर खूण करायची. आजारी दिसेल ती टोचायची नाही, वेगळी काढायची. चाचींच्या दोन कोंबड्या हातातून निसटून थेट मशिदीच्या कौलांवर. त्या खाली आल्या तेव्हा नमाज आटोपून निघालेले चार बुजुर्गही त्यांच्या मागे धावत होते. तासाभरात मोहल्ला संपला. आम्ही पऱ्या ओलांडला तेव्हा पन्नास मिनिटे उरली होती.

मावशी अंगणात डालग्यावर हात ठेवून बसल्या होत्या. वाडीतल्या बायका आपापल्या कोंबड्या कडेवर घेऊन रांगेत. मी यादी घेऊन बाजूला उभी राहिले तर त्या म्हणाल्या, "लिहायला पोराला सांगा. तुम्ही पाय धरा, बाई." मी पाय धरले. ४१ जणींचे पाय धरता धरता दोन्ही मनगटे ओरबाडून निघाली. शेवटच्या कोंबडीपर्यंत त्या माझ्याशी कोंबड्यांखेरीज काही बोलल्या नाहीत. निघताना नातीला आतून आणून दाखवली. तिला दोन दात आले आहेत.

पत्र पाठवून विचाराल म्हणून थोडे इथेच लिहिते. विकत आणलेली किंवा कोणी दिलेली कोंबडी निदान १५ दिवस, जमल्यास तीन आठवडे वेगळी ठेवा, तिचे पाणी-दाणेही वेगळे. आधी आपल्या कोंबड्यांचे करून मग तिच्याकडे जायचे, उलटे नाही. मेलेली कोंबडी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. आणि कोंबड्या पटापट मरू लागल्या तर "मानमोडीच असेल" असे घरच्या घरी ठरवून टाकू नका, दवाखान्यात कळवा. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. तिथे पोल्ट्रीबरोबर परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या. दोन्ही रोग वरून दिसायला सारखे दिसू शकतात. कळवले तर आपल्या सगळ्या कोंबड्या नेतील, या भीतीने लोक लपवतात. ती भीती मला कळते, नऊ दिवस मी काही वेगळे केले नाही. पण शेजारणीला तरी पहिल्या दिवशी सांगा, म्हणजे ती आपल्या कोंबड्या डाळून ठेवील.

त्या दिवशी ९९ कोंबड्या टोचल्या गेल्या. लहान पिल्ले अर्थात राहिली, त्यांच्या थेंबांची फेरी वेगळी झाली. जे घर चिडून गेले होते तिथल्या भाभी पऱ्यावरून परतताना वाटेत उभ्या होत्या, "एक मात्रा उरली म्हणतात ती?" असे विचारत. त्यांच्याकडे सात कोंबड्या. पुढच्या फेरीच्या यादीत त्यांचे घर सगळ्यात वर लिहिले आहे.

गेल्या आठवड्यात मी चार नव्या तलंगा आणल्या. या वेळी लशीचे विचारले. विकणारा "हो" म्हणाला, तरी त्या शेळीच्या जुन्या गोठ्यात वेगळ्या ठेवल्या आहेत. आज त्यांचा अकरावा दिवस. काल संध्याकाळी मावशींचा नातू पऱ्यापलीकडून धावत आला आणि पडवीतूनच ओरडला, "आजी विचारतेय, चारी उभ्या आहेत ना?"